पडद्यावरील आखाडे

उन्हाळ्याच्या सुटींत घरीं मुलें जमलीं म्हणजे रेणुकादेवीचें दर्शन आणि रंगमहालाची फेरी दोन दिवसांत आटोपते. मग प्रत्येक मूल आपापला मोबाईल घेऊन कोपरा धरतें. चार भावंडें एका छपराखालीं असून चार ठिकाणीं खेळतात, ह्याचा विषाद ज्या वडील मंडळींस वाटत असेल त्यांनीं प्लॅटफॉर्म फायटर ह्या जातीच्या खेळांची ओळख अवश्य करून घ्यावी. हे खेळ एका पडद्यासमोर दोघांचौघांनीं मांडीला मांडी लावून खेळतां येतात.

ह्यांचा मूळ नियम हुतूतू खेळलेल्यास चटकन् कळेल. अधांतरीं तरंगणारा एक चौथरा असतो. त्यावरून प्रतिस्पर्ध्यास बाहेर फेकावयाचें. मार खाऊन गडी मरत नाहीं. मात्र जितका मार अधिक, तितका तो पुढच्या तडाख्यासरशीं दूर उडतो. हद्दीबाहेर गेला कीं बाद. ही युक्ति १९९९ सालीं जपानांतील निन्टेन्डोच्या 'सुपर स्मॅश ब्रदर्स'नें रूढ केली. पुढें लहान लहान मंडळ्यांनीं, मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून, तिचे स्वतंत्र अवतार काढले. त्यांपैकीं तीन आम्हीं नातवंडांबरोबर खेळून पाहिले. अर्थात् हौशी गडी ह्या नात्यानें.

'ब्रॉलहाला' (२०१७) हा अमेरिकेंतील ब्लू मॅमथ गेम्सचा. २०१८ मध्यें ही संस्था युबीसॉफ्टनें विकत घेतली, तेव्हां त्यास आतां स्वतंत्र म्हणणें कठीणच. रणांत पडलेल्या वीरांचें नॉर्स पुराणांतील सभागृह तें व्हालहाला; तेथील वीर येथें झुंजतात. शस्त्रें वरून पडतात, तीं उचलावयाचीं. येथें शिक्षकास आवडेल अशी एक सोय आहे. एका शस्त्राचे साधे वार तें धरणाऱ्या सर्व वीरांस सारखेच असतात. राम शब्द पाठ झाला म्हणजे देव आणि बालक आपोआप चालूं लागतात, तसेंच हें. मार किती बसला हें आंकड्यानें न दाखवितां पांढऱ्यापासून तांबड्याकडे जाणाऱ्या रंगानें दाखवितात, म्हणून अंकओळख नसलेलें पोरही खेळूं शकतें. खेळ फुकट आहे. परंतु वीरांच्या वेशभूषेचें दुकान अष्टौप्रहर उघडें असतें. मुलांच्या हातीं पैशाचें खातें मुळींच देऊं नये!

'रायव्हल्स ऑफ ईथर' (२०१७) विकत घ्यावा लागतो. डॅन फोर्नेस ह्यांच्या कल्पनेंतून तो उतरला. अग्नि, जल, वायु, पृथ्वी ह्या तत्त्वांचे प्राणी त्यांत लढतात. पांचवें आकाश तेवढें नांवांतच आहे, कारण ईथर म्हणजे तेंच. येथें प्रत्येक प्राणी हा निराळा अनियमित शब्द. एकाचें ज्ञान दुसऱ्यास फारसें उपयोगी नाहीं. ढाल नाहीं, कडेला लोंबकळण्याची सोय नाहीं. बचाव म्हणजे उडी मारून चुकविणें किंवा वार नेमक्या क्षणीं परतविणें. पहिले दोन दिवस आम्हीं नुसते चौथऱ्यावरून पडत होतों. पण आपण कां पडलों हें दर वेळीं स्वच्छ दिसत होतें, आणि हौशी माणसास खरें हवें असतें तें हेंच. 'ब्रॉलहाला'च्या धांदलींत आम्ही जिंकलों तरी कसे जिंकलों हें कळत नसे.

स्वीडनमधील लुडोसिटीचा 'स्लॅप सिटी' (२०२०) विनोदी आहे खरा; परंतु त्यांतील पात्रें त्याच संस्थेच्या इतर खेळांतून आलेलीं असल्यामुळें थट्टेचा बराचसा भाग आम्हांस अंगाबाहेरच राहिला.

वडील माणूस अर्धा तास बसतो आणि पांच वेळां हरला कीं उठतो. तो उठला कीं मुलेंही पुन्हा आपापल्या कोपऱ्यांत! म्हणून आरंभ 'ब्रॉलहाला'नें करावा, आणि गोडी लागली कीं 'रायव्हल्स' आणावा. २०२४ सालच्या त्याच्या दुसऱ्या भागांत ढाल आणि कडेचा आधार आला आहे. पण त्याबरोबर पकडही आल्यानें लक्षांत ठेवावयाचें वाढलें. जोड्या पाडतांना मात्र सर्वांत तरबेज मुलाबरोबर आजीस द्यावें. आमच्याकडे तेव्हांपासून तो मुलगा स्वतःचे डाव सोडून तिला सांवरण्यासाठीं धांवतो.