दहा नगांचा हिशेब

मजुरीचा दर कोणत्या मापाने आकारावा, या प्रश्नाचा कोल्हापूर जिल्ह्याइतका पिढीजात अभ्यास महाराष्ट्रात फार थोड्या मुलखांनी केला असेल. शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींपर्यंत पसरलेल्या फाउंड्र्यांत कास्टिंगचा भाव किलोवर बोलला जातो. हुपरीचे कारागीर चांदीच्या घडणावळीचा हिशेब वजनाशी बांधतात. आणि ज्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या उत्तेजनाने १९०४ साली पहिला यंत्रमाग उभा केला, त्या इचलकरंजीत कापडाची मजुरी पिकावर, म्हणजे विणीत पडणाऱ्या आडव्या धाग्यांच्या गणतीवर ठरते. माप निराळे असले तरी श्रमाचे प्रमाण दाखवील असा एक आकडा मुक्रर करावा आणि त्यावर व्यवहार चालवावा, ही रीत तिन्ही ठिकाणी एकच आहे.

अशा मुलखात सर्किट बोर्डांच्या जोडणीचा दर विचारला जातो तेव्हा विचारणारा स्वाभाविकपणेच म्हणतो, ‘एका नगाला किती?’ दूध संस्थेच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यासाठी, किंवा रात्री येणाऱ्या विजेवर विहिरीवरची मोटर आपोआप चालू करणाऱ्या स्टार्टरसाठी एखाद्या तरुण अभियंत्याने आराखडा तयार केलेला असतो, आणि परीक्षेपुरते दहा बोर्ड त्याला हवे असतात. मोठ्या कारखान्यात हजारोंच्या खेपेला या प्रश्नाचे सरळ उत्तर मिळते, कारण तेथे बोर्डावरील सुट्या भागांची किंवा सोल्डरच्या सांध्यांची गणती करून दर सांध्यामागे काही पैसे आकारण्याचा परिपाठ आहे, आणि तो इचलकरंजीच्या पिकाचाच सगोत्र म्हणावा लागेल. दहा नगांच्या खेपेला मात्र हे माप लंगडे पडते.

याचे कारण यंत्राच्या कामाच्या क्रमातच आहे. अभियंत्याकडून आलेल्या फायली आणि सुट्या भागांची यादी प्रथम एकमेकींशी ताडून पाहावी लागते, कारण यादीतला एक क्रमांक चुकला तर सगळी खेप वाया जाते. नंतर पोलादाच्या पातळ पत्र्यावर लेझरने छिद्रे पाडून स्टेन्सिल करवून घ्यावे लागते. ते बोर्डावर ठेवून सोल्डरची पेस्ट फिरविली म्हणजे ती नेमकी प्रत्येक पॅडवर बसते. बोर्डाच्या दोन्ही बाजूंना भाग असतील तर स्टेन्सिलेही दोन आणि सोल्डर वितळविणाऱ्या भट्टीच्या फेऱ्याही दोन. त्यानंतर भाग उचलून ठेवणाऱ्या यंत्राला कोणता भाग कोठे व कोणत्या दिशेने बसवायचा हे शिकवावे लागते आणि प्रत्येक जातीच्या भागाची फीत तिच्या फीडरवर चढवावी लागते. पुढे भट्टीचे तापमान त्या बोर्डाच्या जाडीस व घडणीस अनुसरून बसवायचे असते. शिसेयुक्त सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळते, तर बिनशिशाचे प्रचलित सोल्डर सुमारे २१७ अंशांना, त्यामुळे एका सोल्डरची मांडणी दुसऱ्याला चालत नाही. पहिला बोर्ड भिंगाखाली सांध्यामागून सांधा तपासून मंजूर झाल्याखेरीज दुसऱ्याला हात लावता येत नाही. इतके झाल्यावर प्रत्यक्ष जोडणी काही मिनिटांत उरकते! बोर्ड दहा असोत वा हजार, या पूर्वतयारीत फारसा फरक पडत नाही.

उदाहरणादाखल असे धरू, की ही तयारी १२,००० रुपयांची आहे आणि त्यानंतर दर बोर्डाची मजुरी १५० रुपये. दहा बोर्डांना नग १,३५० रुपयांना पडेल, शंभरांना २७०, आणि हजारांना १६२. पहिला आकडा ऐकून गिऱ्हाइकाला आपली लूट होत असल्याचा संशय येतो, आणि शेवटचा आकडा मनात धरून आलेला नवखा कारखानदार दहा नगांचे काम त्याच दराने पत्करून स्वतःच्या पदरचे घालतो. दोघांचीही फसगत ‘नगाला किती’ या एकाच प्रश्नाने केलेली असते. माझे स्पष्ट मत असे, की लहान खेपेच्या दरपत्रकात तयारी आणि जोडणी या दोन रकमा वेगळ्या खाती मांडल्याच पाहिजेत. त्या एकत्र कालवून एका नगाचा भाव सांगणारे दरपत्रक कितीही सौजन्याने दिलेले असले तरी गिऱ्हाइकाला अंधारात ठेवणारे आहे.

आणि ही काही परकी रीत नव्हे. फाउंड्रीत पॅटर्नचा खर्च गिऱ्हाइकाच्या नावे निराळा पडतो आणि कास्टिंगचा भाव त्यानंतर किलोवर बोलला जातो. मागावर नव्या प्रतीचे कापड लावायचे तर ताण्याचे धागे वही आणि फणीतून ओवणाऱ्या वहिफणी कामगाराची मजुरी पिकाच्या हिशेबात धरली जात नाही. कोल्हापूर शहरातच बाबूराव पेंटरांनी दादा मिस्त्रींच्या साहाय्याने चित्रपटाचा कॅमेरा स्वतः घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणली. त्या एकुलत्या एका नगाच्या घडणीत तयारी कोठे संपली आणि उत्पादन कोठे सुरू झाले हे कोणता कारकून सांगू शकला असता?

सुट्या भागांचा हिशेब याहून किचकट आहे. एक मिलिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद असा रेझिस्टर दहा हजारांच्या रिळात येतो, आणि दहा बोर्डांना त्यातले चाळीस लागतात. तुकडा तोडून आणलेली फीत फीडरवर चढविताना आरंभीचे काही भाग वायाच जातात. म्हणून गरजेपेक्षा अधिक माल मागितला, तर त्यात कारखानदाराची लबाडी पाहू नये. तथापि मायक्रोकंट्रोलरसारख्या महाग भागाला हीच सबब लागू करणाऱ्याला मात्र जाब विचारावा, कारण तो ट्रेमधून मोजून ठेवता येतो. माल गिऱ्हाइकाने दिला असेल तर चलनावर प्रत्येक भागाची नोंद, आणि काम संपल्यावर उरलेल्याची मोजून परतफेड, हा दस्तूर दोन्ही पक्षांनी पाळावा. जीएसटी कायद्याच्या १४३ व्या कलमानेही जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एका वर्षाच्या आत परत येणे आवश्यक ठरविले आहे.

दर उतरविण्याची खरी किल्ली पुष्कळदा आराखडा करणाऱ्याच्या हाती असते, आणि याची चर्चा आपल्याकडे फार थोडी होते. एकाच कामासाठी चार निरनिराळ्या रोधमूल्यांचे रेझिस्टर योजण्याऐवजी एकाच रोधमूल्याचा योजला, तर तीन फीडरांची मांडणी वाचते. सर्व भाग एकाच बाजूला बसविले तर एक स्टेन्सिल आणि भट्टीची एक फेरी वाचते. आणि हाताने सोल्डर करावयाचे कनेक्टर मोजकेच ठेवले तर ज्या कामगाराचा वेळ या धंद्यात सर्वांत महाग पडतो, त्याच्या मजुरीचा भार हलका होतो. आराखडा पक्का होण्यापूर्वीच तो जोडणी करणाऱ्यासमोर ठेवून त्याचा सल्ला घेतला, तर दरपत्रकावर नंतर घासाघीस करून मिळणाऱ्या सवलतीपेक्षा कितीतरी अधिक बचत होते.

तोच आराखडा पुन्हा आला तर स्टेन्सिल आणि यंत्राची मांडणी जतन केलेली असते, म्हणून दुसऱ्या खेपेला तयारीची रक्कम बरीच उतरली पाहिजे, आणि स्टेन्सिल कोणाच्या मालकीचे व किती मुदतीपर्यंत सांभाळावयाचे हे पहिल्याच दरपत्रकात लिहून घ्यावे. आराखड्यात एक पॅड जरी हलले असेल, तर मात्र ते स्टेन्सिल निरुपयोगी होऊन नवे करावे लागते, आणि त्याचा खर्च पुन्हा गिऱ्हाइकाच्याच नावे पडतो.