पुणेरी पलटण का जिंकली? एका हंगामातून शिकूया 'कारण' शोधणं



पेटची तयारी करणाऱ्या किंवा कोर्सवर्कला बसलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, "विषय तर सापडला, पण संशोधनाचा प्रश्न कसा तयार करायचा?" नांदेडला विद्यापीठात असो की लातूरच्या उपकेंद्रात, सिनॉप्सिसच्या शीर्षकांमध्ये एक साचा हमखास दिसतो: अमुक यशस्वी गोष्ट घ्यायची आणि 'तिच्या यशाची कारणे: एक अभ्यास' असं लिहायचं. यशस्वी बचत गट, यशस्वी शेतकरी, यशस्वी शाळा. वाचायला छान वाटतं, पण याच साच्यात सगळ्यात जास्त धोके लपलेले असतात.

ते धोके कसे ओळखायचे, हे आज आपण कबड्डीच्या उदाहरणाने बघू. कबड्डीच का? कारण खेळ आपल्या सगळ्यांना कळतो, आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत, आणि मुख्य म्हणजे 'पुणेरी पलटण का जिंकली?' असं विचारलं की प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. संशोधकाने सगळ्यात आधी सावध व्हायचं ते अशा तयार उत्तरांपासून.

आधी घटना नीट मांडा

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन्ही हंगामांत पुणेरी पलटण आठ संघांमध्ये शेवटची होती. पुढे संघ कधी वर गेला, कधी खाली आला, पण करंडक काही हाती लागला नाही. नवव्या हंगामात तो अंतिम फेरीत पोहोचला आणि १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत जयपूर पिंक पँथर्सकडून २९-३३ असा हरला.

दहावा हंगाम २ डिसेंबर २०२३ ला सुरू झाला. संघ १२, प्रत्येकाचे साखळी सामने २२. पलटणने त्यातले १७ जिंकले, ३ बरोबरीत सोडवले आणि फक्त २ गमावले. ९६ गुणांसह संघ तक्त्यात पहिला आला, म्हणून थेट उपांत्य फेरीत गेला. तिथे पाटणा पायरेट्सला ३७-२१ असं हरवलं. मग १ मार्च २०२४ ला, आपल्या नांदेडहून रेल्वेने एका रात्रीत पोहोचता येतं त्या हैदराबादेत, हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं.

आता कारण सांगा! बहुतेकांची उत्तरं तीन असतील: कोच बी. सी. रमेश, इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलुई, किंवा कर्णधार अस्लम इनामदार. तिन्ही उत्तरं पटण्यासारखी आहेत, आणि अडचण तिथेच आहे. निकाल माहीत झाल्यावर कुठलंही कारण पटतं.

तक्ता वाचायला शिका

कारणांकडे जाण्याआधी डेटा नीट वाचू. दहाव्या हंगामात विजयाला ५ गुण, बरोबरीला ३ आणि ७ किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यास १ गुण मिळत होता. त्याहून मोठ्या फरकाने हरलं तर शून्य.

पलटणचा हिशोब करा. १७ विजयांचे ८५, ३ बरोबरींचे ९, झाले ९४. तक्त्यात मात्र ९६ आहेत. वरचे २ कुठून आले? म्हणजे गमावलेले दोन्ही सामने सातच्या आतल्या फरकाने गेले. एकही सामना न बघता आपल्याला कळलं की अख्ख्या साखळीत या संघाला कोणीही मोठ्या फरकाने हरवलं नाही.

दुसऱ्या क्रमांकावर जयपूर होता: १६ विजय, ३ बरोबरी, ३ पराभव आणि ९२ गुण. ८० अधिक ९ म्हणजे ८९, म्हणजे यांचेही तिन्ही पराभव थोडक्यात झाले. नुसत्या विजयांवरून हे दोन संघ जवळपास सारखेच वाटतात. पण गुणफरक बघा, म्हणजे संघाने मिळवलेले एकूण गुण वजा त्याच्याविरुद्ध गेलेले गुण. पलटणचा अधिक २५३, जयपूरचा अधिक १४१. सामन्यामागे काढलं तर पलटण सरासरी साडेअकरा गुणांनी पुढे आणि जयपूर साधारण साडेसहा गुणांनी. 'जिंकला की हरला' एवढंच मोजलं तर ही माहिती वाया जाते. तुमच्या प्रबंधातही 'पास/नापास', 'यशस्वी/अयशस्वी' असे दोनच कप्पे करण्याआधी विचार करा, की त्या कप्प्यांत नेमकं काय हरवतंय.

झेप होती की चढ?

वर्तमानपत्राला 'झेप' हा शब्द आवडतो. आपण तीन हंगाम ओळीने ठेवू. आठव्यात १२ विजय, ६६ गुण. नवव्यात १४ विजय, ८० गुण. दहाव्यात १७ विजय, ९६ गुण. ही तर चढण दिसते. इनामदार आणि मोहित गोयत हे दोघं आठव्या हंगामातच नवखे म्हणून आले होते. म्हणजे दहाव्या हंगामाचं पीक दोन वर्षं आधी पेरलं होतं, असं म्हणता येईल.

पण थांबा, इथेही घाई नको. नाणं २२ वेळा उडवलं तर छापा बरोबर ११ वेळाच येईल असं नाही. ९ ते १३ च्या मध्ये कुठेही येणं अगदी नेहमीचं आहे, दहापैकी सात वेळा तसंच होतं. म्हणजे संघाची ताकद काडीचीही न बदलता एका वर्षी १२ आणि पुढच्या वर्षी १४ विजय सहज होऊ शकतात. १२ ते १४ ही 'प्रगती' आहे असं छातीठोक म्हणायला २२ सामने पुरत नाहीत. १२ ते १७ मात्र जास्त बोलकं आहे, आणि गुणफरकाची साथ मिळाल्यावर तर आणखीच. सॅम्पल लहान असलं की दोन मापांनी एकच गोष्ट सांगितली का ते बघायचं, ही सवय लावून घ्या.

करंडक हे कशाचं माप?

बाद फेरीत पलटणला दोनच सामने खेळायचे होते. साखळीत २२ पैकी १७, म्हणजे साधारण ७७ टक्के सामने जिंकणाऱ्या संघाने तीच ताकद टिकवली, तर दोन्ही सामने लागोपाठ जिंकण्याची शक्यता ०.७७ गुणिले ०.७७, म्हणजे साधारण ६० टक्के. समोर तगडे संघ असतात म्हणून खरी शक्यता थोडी कमीच धरा. याचा अर्थ असा, की इतका वरचढ संघसुद्धा पाचपैकी दोन वेळा करंडकाविना घरी जाईल.

अंतिम सामन्यातच बघा ना. पंकज मोहितेने एका चढाईत ४ गुण आणले. सामना सुटला ३ गुणांनी. चढाई असते ३० सेकंदांची. ती एक चढाई फसली असती तर आपण आज 'पलटणला मोक्याच्या क्षणी दडपण का झेपत नाही?' यावर लेख वाचत असतो. संघ तोच, सराव तोच, फक्त गोष्ट उलटी.

म्हणून 'विजेतेपद' हा तुमचा परिणाम धरू नका, त्यात योगायोगाचा वाटा फार आहे. २२ सामन्यांचा गुणफरक धरा. कुठलाही विषय घ्या, सगळ्यात चमकदार माप बहुधा सगळ्यात भरवशाचं नसतं.

तुलनेशिवाय कारण नाही

आता कारणांकडे येऊ. 'मोठा खेळाडू घेतला म्हणून जिंकले' हे उत्तर तपासू. पलटणने शादलुईला २.३५ कोटींना घेतलं आणि त्या हंगामात त्याने पकडींचे ९९ गुण मिळवले, सर्वांत जास्त. पुरावा पक्का वाटतो ना? पण त्याच लिलावात त्याच्याहून महाग खेळाडू होता पवन सेहरावत. तेलुगू टायटन्सने त्याला २.६०५ कोटींना घेतलं. टायटन्स नवव्या हंगामात २ सामने जिंकून शेवटचे होते. पवन आल्यावर दहाव्यात? २ सामने जिंकून पुन्हा शेवटचे. महागडे खेळाडू घेऊन हरलेल्या संघांवर कोणी 'यशाची कारणे' लिहीत नाही, म्हणून ते आपल्या नजरेलाच पडत नाहीत. फक्त विजेते निवडून कारण शोधलं की असं होतं.

पण यावरून 'पवनचा उपयोग झाला नाही' असंही म्हणू नका. तो नसता तर टायटन्सचं काय झालं असतं, हे आपण पाहिलेलंच नाही. न घडलेल्या गोष्टीशी तुलना, हाच कारण शोधण्यातला सगळ्यात अवघड भाग आहे.

आता पुढचे हंगाम बघा, कारण तिथे नशिबाने एक प्रयोग आयता घडला.

अकराव्या हंगामात शादलुई हरियाणा स्टीलर्सकडे गेला. हरियाणा विजेता झाला, आणि पलटण बाद फेरीपर्यंतही पोहोचली नाही. "बघा, सगळं शादलुईमुळेच होतं!" असं लगेच वाटतं. पण त्याच हंगामात इनामदार दुखापतीमुळे मधूनच बाहेर पडला. दोन गोष्टी एकदम बदलल्या, मग परिणाम कोणाच्या खात्यावर टाकायचा? शिवाय हरियाणा आदल्या वर्षीचा उपविजेता होता, म्हणजे शादलुई येण्याआधीही तगडाच होता. आणि कोच? रमेश त्या वर्षीही पलटणकडेच होते.

बाराव्या हंगामात शादलुईला गुजरात जायंट्सने घेतलं, आणि गुजरात पहिल्या आठांतही आला नाही. पलटणमध्ये ना शादलुई होता ना रमेश. नवे कोच होते अजय ठाकूर. तरी संघ अंतिम फेरीत गेला आणि दबंग दिल्लीकडून २८-३१ असा हरला.

हे सगळं एका कागदावर मांडा. उभ्या रकान्यांत कोच, शादलुई, इनामदार. आडव्या ओळींत आठ ते बारा हे हंगाम. प्रत्येक चौकटीत 'होता' किंवा 'नव्हता' लिहा. एकट्या कोचवर किंवा एकट्या शादलुईवर सगळा निकाल बसत नाही, हे पाच मिनिटांत दिसेल. तरुण खेळाडूंचा गाभा टिकवणं हे कारण जास्त हंगामांशी जुळतं. पण लक्षात घ्या, 'जुळतं' म्हणजे 'सिद्ध झालं' नव्हे. पाच ओळी आणि तीन रकाने, एवढ्यावर कोणी सिद्धता मागू नये आणि कोणी देऊही नये.

आणखी एक. अकराव्या हंगामातल्या घसरणीला कदाचित वेगळं कारण लागतच नाही. अत्यंत चांगल्या वर्षात ताकदीसोबत नशीबही साथ देतं. पुढच्या वर्षी ताकद उरते, नशीब पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्यामुळे शिखरानंतर थोडं खाली येणं हे अपेक्षितच असतं. सांख्यिकीत याला सरासरीकडे परतणं म्हणतात.

हे आपल्या घरचंच आहे

कबड्डी सोडा, लातूर पॅटर्नचं बघा. निकाल लागला की चौकाचौकात होर्डिंग लागतात, फोटो आणि मार्कांसकट. नांदेड, परभणी, हिंगोलीकडचे आईवडील ते बघून मुलांना घेऊन येतात, खोली भाड्याने घेतात, प्रसंगी जमिनीचा तुकडा विकतात. होर्डिंगवर अंश असतो, छेद नसतो. किती मुलं बसली होती? आधीच हुशार असलेली किती आली होती? तीच मुलं आपल्या गावी शिकली असती तर किती मार्क पडले असते? पॅटर्न चांगला की वाईट, हे मी सांगत नाही, कारण या तीन प्रश्नांशिवाय ते कोणालाच सांगता येणार नाही. पण ज्या घरांचे पैसे आणि वर्षं त्यात जातात, त्यांच्यासाठी हे प्रश्न कोणीतरी नीट विचारायला हवेत. ते काम संशोधकाचं, म्हणजे उद्या तुमचं.

सिनॉप्सिस लिहिताना

शीर्षकात 'यशाची कारणे' आलं असेल, तर गाइडकडे जाण्याआधी एवढं करा:

१. परिणाम कशाने मोजणार ते एका वाक्यात लिहा. त्यात योगायोग किती, याचा अंदाज घ्या.

२. तेच सगळं करून अपयशी ठरलेली निदान तेवढीच उदाहरणं सॅम्पलमध्ये घ्या. दहा यशस्वी बचत गट असतील, तर दहा बंद पडलेलेही हवेत.

३. आधीचा आणि नंतरचा काळ दोन्ही बघा. फक्त शिखराचं वर्ष नको.

४. एकाच वेळी बदललेल्या गोष्टींची यादी करा. वेगळ्या करता येत नसतील तर तसं स्पष्ट लिहा, व्हायव्हाला तेच वाचवतं.

५. "काय दिसलं तर मी माझं कारण चुकीचं मानेन?" याचं उत्तर डेटा गोळा करायच्या आधी लिहून ठेवा. उत्तर सुचत नसेल, तर प्रश्न अजून तयार झालेला नाही.

सराव म्हणून एक काम देतो. लीगमधला तुमच्या आवडीचा दुसरा कुठलाही संघ घ्या, त्याचे पाच हंगाम असेच कागदावर मांडा आणि आधी मनात असलेलं कारण टिकतं का ते बघा. कमेंटमध्ये चौकटीसकट लिहा, आपण मिळून तपासू.