विश्लेषण : पाण्यात बंद पडलेल्या गाडीचे इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

जोरदार पाऊस झाला की अंधेरी सबवेत पाणी भरते आणि तो वाहतुकीसाठी बंद करावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला, तेव्हा उपनगरांत असंख्य गाड्या पाण्यात अडकल्या. आजही पाण्यात बंद पडलेली गाडी गॅरेजमध्ये गेली की ‘इंजिन गेले’ हेच आधी ऐकू येते. पण दर वेळी इंजिन बदलावे लागतेच असे नाही.

पाण्याने इंजिनाचे काय होते?

हवा खेचणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. याला ‘हायड्रोलॉक’ म्हणतात. गाडी बंद पडल्यावर पुन्हा सेल्फ मारला, तर नुकसान वाढते. म्हणून चावी न फिरवता गाडी टो करून न्यावी.

निर्णय कशावरून घ्यायचा?

आधी स्पार्क प्लग, डिझेल गाडीत इंजेक्टर, काढून पाणी बाहेर काढतात. ऑइल दुधाळ झाले असेल तर त्यात पाणी मिसळले आहे. त्यानंतर कॉम्प्रेशन तपासतात. सगळ्या सिलिंडरचे आकडे ठीक असतील, तर ऑइल व फिल्टर बदलून काम भागू शकते. एखादाच रॉड वाकला असेल, तर इंजिन खोलून दुरुस्ती होते. रॉडने ब्लॉक फोडला असेल, तर मात्र बहुधा हाफ इंजिन किंवा पूर्ण इंजिन बदलावे लागते.

विमा किती मदत करतो?

साध्या पॅकेज पॉलिसीत पुराचे नुकसान धरले जाते. पण पाण्यातली गाडी सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेले इंजिनाचे नुकसान सहसा नाकारले जाते. त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जादा कवच लागते. झीरो डेप नसेल तर घसाराही कापला जातो. पाच ते दहा वर्षांच्या गाडीत धातूच्या भागांवर तो ४० टक्के असतो. म्हणजे एक लाखाच्या भागांपैकी ४० हजार मालकाच्या खिशातून जातात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला, तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

जुने इंजिन घ्यावे का?

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात. तिथून इंजिन घेताना पक्के बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे मागावीत. इंजिन बदलल्यावर नवा क्रमांक आरटीओत आरसीवर नोंदवावा लागतो आणि विमा कंपनीलाही कळवावा लागतो. क्रमांक जुळला नाही, तर पुढे दावा आणि विक्री दोन्ही अडतात.

शेवटचा हिशेब साधा आहे. काम सांगण्याआधी लेखी अंदाजपत्रक घ्यावे आणि तशाच चालू गाडीच्या बाजारभावाशी ते ताडून पाहावे. खर्च त्या किमतीच्या निम्म्यावर गेला आणि गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल, तर इंजिनावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा.