बांधावरचे टोमॅटो आणि बाटलीतल्या गोळ्या



गेल्या हंगामात ऊसनोंदीसाठी एका गटात फिरत होतो. एका सभासदाच्या बांधावर पिकलेल्या टोमॅटोचा ढीग पडलेला. भाव उतरल्याने तोडणीची मजुरीही निघेना, म्हणून माल जनावरांपुढे टाकलेला. चहाला घरात बसलो, तर फळीवर गोळ्यांची बाटली. "साहेब, लायकोपीनच्या गोळ्या आहेत. ताकद येते म्हणतात. ऊसबिलातून आणल्या." मी म्हणालो, "दादा, हे तर तिकडं बांधावर ढिगानं पडलंय की!" त्यांना काही पटेना. म्हणून हा लेख.

लायकोपीन म्हणजे काय?

पिकलेल्या टोमॅटोला जो लाल रंग येतो, तो ज्या द्रव्यामुळे येतो ते लायकोपीन. आपलं शरीर ते तयार करू शकत नाही, खाण्यातूनच मिळवावं लागतं. १०० ग्रॅम कच्च्या लाल टोमॅटोत ते साधारण अडीच ते तीन मिलिग्रॅम असतं. कलिंगडात चार ते पाच, गुलाबी गराच्या पेरूत पाचच्या आसपास, तर लाल गराच्या पपईत दोनच्या जवळपास. जात आणि पक्वता यांप्रमाणे हे आकडे कमीजास्त होतात. पांढऱ्या पेरूत मात्र ते जवळजवळ नसतं.

लाल दिसलं की लायकोपीन, असंही समजू नये. बीट, लाल मिरची, डाळिंब यांचे रंग निराळ्या द्रव्यांचे आहेत.

उन्हाळी टोमॅटो पिकूनही पिवळट-नारिंगी राहतो, हा आपला नेहमीचा अनुभव. तापमान ३० अंशांच्या वर राहिलं की फळात लायकोपीन नीट तयार होत नाही, हे त्याचं कारण. म्हणून फळावर पानांची सावली राहील अशी झाडाची बांधणी करावी.

अंगी कसं लागतं?

हे समजायला आपला कारखानाच डोळ्यांपुढे आणा. साखर उसाच्या पेशीत बंद असते. अख्खं कांडं पाण्यात टाकून साखर निघत नाही. आधी ऊस कापावा, फोडावा, पिळावा लागतो, वर गरम पाणी मारावं लागतं. लायकोपीनही असंच टोमॅटोच्या पेशीत अडकलेलं असतं. चिरणं, वाटणं आणि शिजवणं यांनी पेशी फुटतात व ते मोकळं होतं. शिवाय उष्णतेनं त्याच्या रेणूची ठेवण थोडी बदलते आणि ते आतड्यात अधिक सहज शोषलं जातं.

फरक एवढाच की साखर पाण्यात विरघळते, लायकोपीन तेलात. लहान आतड्यात पित्तरस स्निग्ध पदार्थाचे बारीक थेंब करतो, त्यात लायकोपीन मिसळतं, आतड्याच्या अस्तरातून आत जातं आणि पुढे रक्तात पोचतं. जेवणात तेल-तूप अजिबात नसेल तर बरंचसं तसंच बाहेर पडतं.

१९९२ मध्ये जर्मनीतील शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. टोमॅटोचा रस थोडं तेल घालून तासभर उकळून दिला, तेव्हा रक्तातलं लायकोपीन वाढलं. न उकळलेल्या रसानं तसं झालं नाही. कलिंगडाचं मात्र वेगळं आहे. त्यातलं लायकोपीन न शिजवताही चांगलं मिळतं.

घरात काय करावं?

१) टोमॅटोची भाजी, सार किंवा चटणी फोडणी देऊन करावी. माणशी चमचाभर तेल पुरे, त्यासाठी तवंग आणायची गरज नाही.

२) कोशिंबिरीत दाण्याचा कूट घालावा. आपल्या आया-आज्यांची ही रीत शास्त्राला धरूनच आहे.

३) साल काढून टाकू नये. लायकोपीन गरापेक्षा सालीत जास्त असतं. फवारणीनंतर सांगितलेले दिवस जाऊ देऊनच माल तोडावा आणि स्वच्छ धुऊन वापरावा.

४) शिजवल्यानं 'क' जीवनसत्त्व काही प्रमाणात घटतं, म्हणून थोडा टोमॅटो कच्चाही खावा.

५) ज्यांना आम्लपित्ताचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून खावा.

दोन गैरसमज

पहिला, टोमॅटो लाल आहे म्हणजे डोळ्यांना पुरेसा. लायकोपीनपासून शरीरात 'अ' जीवनसत्त्व बनत नाही. लहान मुलांच्या नजरेसाठी गाजर, आंबा, पपई, शेवग्याचा पाला, मेथी हे ताटात हवंच. पोराला अंधारात दिसत नसेल तर टोमॅटोवर न थांबता दवाखाना गाठावा.

दुसरा, गोळी म्हणजे औषध. १९९५ मध्ये अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. टोमॅटोचे पदार्थ जास्त खाणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग कमी दिसला. पण ते लोक इतर बाबतींतही वेगळे असू शकतात, एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. २००५ मध्ये तिथल्याच अन्न व औषध प्रशासनानं लायकोपीनच्या गोळ्यांना कर्करोग टळण्याचा दावा करू दिला नाही. तेव्हा आजाराचे उपचार सोडून अशा गोळ्यांच्या मागं कुणी लागू नये.

भाव पडला की तोटा होतोच. तो या लेखानं भरून निघणार नाही, हे मीही जाणतो. पण ढिगातली दोन पाट्या चांगली फळं घरात न्यावीत, शेजारी द्यावीत, मुलांच्या ताटात वाढावीत. आणि ऊसबिलाचा पैसा बाटलीत घालण्याऐवजी खत-बेण्याला, नाहीतर पोरांच्या दुधाला लावावा.

— ऊस विकास अधिकारी