वेळासचे कासव, महाडचे पाणी

माबेला येथील आमच्या घरापासून समुद्र फार दूर नाही. परंतु समुद्रकासवे पाहण्यासाठी आम्ही सूरजवळच्या रास अल जिन्झ येथे गेलो होतो. काळोखी रात्र होती. मार्गदर्शकाने मोबाइल व विजेऱ्या बंद करावयास लावल्या. थोड्या वेळाने एक हिरवे कासव वाळूत खड्डा खणताना दिसले. मुलीने हळूच विचारले, "बाबा, हिला इथला रस्ता कोण दाखवतं?"

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. अंड्यातून बाहेर आलेली पिले रात्री अधिक उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे धावतात, आणि नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. खोल पाण्यात त्यांना पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र वाट दाखवते. ओमानच्या मसीरा बेटावरही अंडी घालणाऱ्या लॉगरहेड जातीच्या पिलांवर अमेरिकेतील शास्त्रज्ञ केनेथ लोमन यांनी प्रयोग केले. ही पिले चुंबकीय क्षेत्राची तीव्रता व त्याचा कल ओळखतात, हे त्यांतून दिसून आले. मोठी झालेली मादी पुढे आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरातच परतते. ज्या शक्तीची आपल्याला जाणीवही होत नाही, ती तिच्यासाठी नकाशा असते.

मधमाशीला अतिनील प्रकाश दिसतो, वटवाघूळ प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखते, हत्ती आपल्याला ऐकू न येणाऱ्या खोल ध्वनींनी दूरवर संवाद साधतो. जग एकच, परंतु प्रत्येक जीवाला त्याचा वेगळा अंश कळतो. भगवान बुद्धांनी चक्खू, सोत, घाण, जिव्हा, काय आणि मन अशी सहा आयतने सांगितली. इंद्रिय, विषय व विज्ञान यांच्या संयोगाला त्यांनी 'फस्स', म्हणजे स्पर्श, म्हटले. स्पर्शातून वेदना, वेदनेतून संज्ञा आणि पुढे विचारांचा पसारा. इंद्रियाने घेतलेले आणि मनाने त्यावर रचलेले यांतील हा भेद फार मोलाचा आहे.

'स्पर्श' या शब्दापाशी आपण आंबेडकरी माणसे सहज पुढे जाऊ शकत नाही.

कोकणातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून तेथे ग्रामस्थांच्या साथीने त्यांच्या अंड्यांचे रक्षण केले. वेळास मंडणगड तालुक्यात आहे, आणि बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवेही त्याच तालुक्यात. वेळासजवळच, बाणकोट येथे, सावित्री नदी समुद्राला मिळते. याच सावित्रीच्या काठी वर महाड आहे.

महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत असत. अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना मज्जाव होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले. त्यानंतर विरोधकांनी शेण-गोमूत्राने तळ्याचे 'शुद्धीकरण' केले. आता इंद्रियांना साक्षीला बोलवा. पाण्याचा रंग बदलला होता का? वास? चव? काहीही नाही. तळ्यावर आलेल्या कोणत्याही जनावराला तो विटाळ कळला नसता, कारण तो पाण्यात नव्हताच; तो मनाच्या संज्ञेत होता. किनाऱ्यावरील विजेचे दिवे कासवाच्या पिलांना समुद्राऐवजी जमिनीकडे भुलवतात, पण तो दिवा निदान खरोखर तेथे असतो. विटाळ कोठेच नसतो.

ही केवळ इतिहासाची गोष्ट नाही. येथे आखातातच एका मराठी कुटुंबाकडे आम्ही जेवायला गेलो होतो. गप्पा रंगल्या होत्या. मग पूर्ण नाव विचारले गेले, गाव विचारले गेले, आणि यजमानांचा स्वर बदलला. समोरचा माणूस तोच होता, आवाज तोच होता. दोन शब्द कानी पडले आणि मनाने बाकीचे चित्र स्वतः रंगवले.

मी संगणक अभियंता आहे. संवेदक अचूक असूनही त्याच्या नोंदींचा अर्थ लावणारा नियम चुकीचा असेल, तर निष्कर्ष चुकतो. अशा वेळी संवेदक बदलून उपयोग नसतो. नियम बदलावा लागतो. कासवाला आपली जन्मजात आज्ञा तपासता येत नाही. माणसाला मात्र आपली संज्ञा तपासता येते. दुसऱ्याविषयी मनात काही उमटले, तर 'हे मी पाहिले, की मला शिकवले गेले?' एवढे आपण स्वतःला विचारावे. हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. माबेलाच्या औद्योगिक वसाहतीतील मजुराकडे आपली नजर कशी वळते, हेही तपासले पाहिजे.

परतताना मुलीला मी एवढेच सांगितले, "तिची वाट तिच्या शरीरातच आहे. आपल्याला मात्र ती विचार करून शोधावी लागते."

नमो बुद्धाय, जय भीम!