आपल्या रानातील अनोळखी शेजारी

जिराफ कोठे राहतो, असे विचारताच आमच्या शाळेतील लहानसा विद्यार्थीही ‘आफ्रिकेत’ असे उत्तर देतो. परंतु खवले मांजराला दात असतात काय, या प्रश्नावर सारा वर्ग स्तब्ध होतो. वास्तविक हा प्राणी पश्चिम घाटातील, म्हणजे आपल्या खानापूरकडील रानांतलाही रहिवासी. मात्र दिवसा तो बिळात निजतो व रात्री बाहेर पडतो. म्हणून त्याची पहिली भेट बहुधा सचित्र पुस्तकातच घडावयाची.

असे पुस्तक हाती आले की मजकुराआधी चित्र न्याहाळावे. पुढील पायांची नखे एवढी लांब कशाला? वारुळे फोडण्याकरिता. तोंड निमुळते का? त्याला दात मुळीच नसतात; लांब, चिकट जिभेने तो मुंग्या व वाळवी टिपतो. आणि अंगावरील खवले कशाचे? आपली नखे ज्या केराटिनची बनतात त्याचेच!

हे शेवटचे उत्तर विशेष ध्यानात ठेवावे. संकट येताच हा प्राणी अंगाचा चेंडू करतो. हिंस्र पशूंपासून तो त्यामुळे वाचतो; माणूस मात्र तोच चेंडू सहज उचलून नेतो. खवल्यांत औषधी गुण असल्याच्या समजुतीपायी त्याची अतोनात हत्या झाली. अखेर २०१६ साली जोहान्सबर्ग येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. भारतात त्याची शिकार हा गुन्हाच आहे. ज्या मुलाने चित्रावर बोट ठेवून “ही तर नखेच!” असे म्हटले, तो पुढे असल्या समजुतीस सहसा बळी पडणार नाही.

वटवाघळाविषयीही तेच. तळेवाडीजवळील बारापेडे गुहेत मोठ्या कानांचे एक दुर्मिळ वटवाघूळ राहते. शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन १९१३ साली केले. पुष्कळ वर्षे ते जगात केवळ येथेच असल्याचे मानले जाई. पुढे मेघालयात व कंबोडियातही ते आढळले. हे कळल्यावर त्या गुहेकडे भीतीने नव्हे, अभिमानाने पाहावेसे वाटते.

एस. एच. प्रेटर यांचे भारतीय प्राण्यांवरील सचित्र पुस्तक मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ साली प्रसिद्ध केले. ते इंग्रजीत आहे. तरी पालकांनी चित्र दाखवून मजकूर मराठीत समजावून सांगावा. प्राण्याची खरी लांबी दोरीने जमिनीवर मोजून दाखवावी, कारण पानावर खार आणि हत्ती सारख्याच आकाराचे दिसू शकतात.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुटीत आजी-आजोबांना विचारा, की आपल्या गावी या प्राण्यांना काय म्हणतात. ते नाव, चित्र आणि माप एका कागदावर उतरवून आणा. वर्गाच्या भिंतीवर त्यांसाठी आम्ही जागा राखून ठेवली आहे.