रस्त्यावर स्किप ठेवण्याची परवानगी : इंग्लंडस्थित भाविक कुटुंबांसाठी माहिती



आपल्या बडोद्यातील कित्येक मराठी कुटुंबांची मुले इंग्लंडात स्थायिक झाली आहेत. तेथे जुने घर विकत घेऊन त्याची डागडुजी करण्याचा प्रसंग बहुतेकांवर येतो. आईवडीलही अशा वेळी मदतीस म्हणून जातात. भिंत पाडली, न्हाणीघर उकरले की राडारोडा निघतो आणि तो भरण्यासाठी 'स्किप' नावाची मोठी लोखंडी पेटी भाड्याने आणावी लागते. ही पेटी कोठे ठेवावी, याविषयी तेथील कायदा स्पष्ट आहे. तो माहीत नसल्यास विनाकारण भुर्दंड पडतो, आणि क्वचित कोणाच्या जिवावरही बेतू शकते. म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम एक सोपी गोष्ट ध्यानात घ्यावी. स्किप स्वतःच्या अंगणात किंवा घरासमोरील खासगी जागेत मावत असेल तर रस्त्याची परवानगी लागत नाही. परंतु सार्वजनिक रस्त्यावर ती ठेवायची असेल, तर इंग्लंड व वेल्समध्ये 'हायवेज अ‍ॅक्ट १९८०' च्या कलम १३९ अन्वये रस्ते-प्राधिकरणाची परवानगी आवश्यक आहे. येथे 'हायवे' म्हणजे केवळ मोठा महामार्ग नव्हे. गल्लीतील रस्ता व पदपथही त्यात येतात. लंडनमध्ये बहुतेक रस्ते त्या त्या बरो काउन्सिलकडे असतात. जेथे जिल्हा व काउंटी अशी दोन काउन्सिले आहेत, तेथे रस्त्यांचा अधिकार काउंटीकडे असतो. अर्ज चुकीच्या कचेरीत गेला की दिवस फुकट जातात.

सामान्यतः हा अर्ज स्किप पुरविणारी कंपनीच करते, आणि अनेक काउन्सिले फक्त कंपनीचाच अर्ज स्वीकारतात. तथापि 'कंपनी पाहून घेईल' असे म्हणून स्वस्थ बसू नये. परवानगी मिळाली आहे काय, ती कोणत्या जागेसाठी व किती दिवसांसाठी आहे, हे स्किप येण्यापूर्वीच विचारून घ्यावे. शुल्क प्रत्येक काउन्सिलचे निराळे असते. घरासमोर परवानाधारकांसाठी राखीव पार्किंग असेल, तर ती जागा काही दिवस मोकळी करून घेण्यासाठी बहुधा वेगळा अर्ज व वेगळे शुल्क लागते.

परवानगी देताना स्किपची जागा, आकार, रंग, दिवे, कठडे व ती उचलण्याची मुदत यांविषयी अटी घातल्या जातात. याशिवाय कायद्यानेच काही कर्तव्ये स्किपच्या मालकावर सोपविली आहेत. अंधार पडल्यापासून स्किपवर दिवे असावेत. तिच्या टोकांना लाल-पिवळ्या परावर्तक पाट्या असाव्यात. मालकाचे नाव आणि पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक न पुसला जाईल असा लिहिलेला असावा. आणि पेटी भरल्यावर शक्य तितक्या लवकर ती हलवावी. या अटी निव्वळ कागदी नाहीत. डिसेंबरात लंडनमध्ये दुपारी चारच्या सुमारासच सूर्य मावळतो. शाळेतून परतणारी मुले आणि सायकलस्वार यांना काळोखात उभी असलेली लोखंडी पेटी दिसली नाही, तर काय अनर्थ होईल हे सांगावयास नको. परवानगीवाचून स्किप ठेवणे अथवा ही कर्तव्ये न पाळणे यासाठी १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

येथे एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. स्किप एक महिना किंवा त्याहून अधिक मुदतीच्या कराराने भाड्याने घेतली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने भाडेकरूच तिचा 'मालक' ठरतो; म्हणजे दिव्यांची व खुणांची जबाबदारी घरमालकाच्या माथी येते. कामाचा अंदाज नसताना लांब मुदतीचा करार करण्यापूर्वी याचा विचार व्हावा. तसेच परवानगी असली तरी कलम १४० अन्वये रस्ते-प्राधिकरण किंवा गणवेशातील पोलीस अधिकारी स्किप हलविण्यास सांगू शकतो. अशा वेळी वाद घालू नये.

राडारोडा कोणाच्या हाती देतो, हेही पाहणे घरमालकाचे कर्तव्य आहे. कचरा वाहून नेणाऱ्याची नोंदणी इंग्लंडात 'एन्व्हायर्न्मेंट एजन्सी'कडे तपासता येते. ॲस्बेस्टॉस, टायर, बॅटऱ्या व जुने शीतकपाट या वस्तू साध्या स्किपमध्ये टाकू नयेत. इ. स. २००० पूर्वीच्या घरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून जुने छत वा पत्रे फोडण्यापूर्वी तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

रस्ता हा सर्वांचा असतो. त्यावरील चार हात जागा आपण काही दिवसांपुरती मागून घेतो. ती वेळेवर व स्वच्छ परत करणे यातच परक्या देशात आपल्या माणसांची शोभा आहे. ही माहिती आपल्या परदेशस्थ मुलाबाळांपर्यंत अवश्य पोहोचवावी, ही विनंती.

— सचिव, विश्वस्त मंडळ